कोणाचं ऑपरेशन

सासूबाईंचा फोन रोज बाराच्या सुमाराला येतो. त्या दिवशीही आला. नवऱ्याचा मोबाइल माझ्या मांडीवर होता, कारण तो आत होता आणि त्याचं घड्याळ, बेल्ट, पाकीट असं सगळं नर्सने एका कापडी पिशवीत घालून माझ्याकडे दिलं होतं. मी फोन उचलला नसता तरी चाललं असतं. पण वाजणारा फोन हातात धरून बसणं मला जमत नाही. लोक बघायला लागतात.

"आवाज कशाचा येते मागं?" त्यांनी विचारलं. "दवाखान्यात आहे का तुमी?"

भिंतीवरच्या स्पीकरमधून कोणाला तरी तीन नंबरच्या खोलीत बोलावत होते.

"हो," मी म्हटलं. "ऑपरेशन झालं. छोटंसंच. सगळं ठीक आहे."

"कशाचं ऑपरेशन?"

समोरच्या बाकावरचे आजोबा माझ्याकडेच बघत होते. मी तोंड भिंतीकडे केलं. "ते... मूल न होण्याचं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "केलं का. बरं केलं. एक पोरगी आहे, पुरे झालं. तू आता उठू नको. पान्यात हात घालू नको. मी येतो."

त्यांच्या अमरावतीकडे बायका स्वतःबद्दलही 'येतो', 'करतो' असंच म्हणतात. लग्नानंतर सुरुवातीला फोनवर मी गोंधळायचे. आता सवय झाली आहे. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला 'येतो'पेक्षा त्यातला 'तू' जास्त ऐकू आला. मी माझं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. ऑपरेशन झालं. त्यात कोणाचं, हे नव्हतंच. इंग्रजीत मला ते असं बोलताच आलं नसतं, 'माय' किंवा 'हिज' कुठेतरी घालावंच लागलं असतं. मराठीत लागलं नाही. आणि हे ऑपरेशन म्हटलं की ते बाईचंच असतं. कोणाचं, हे कोणी विचारत नाही.

थोड्या वेळाने नवरा बाहेर आला. ओल्या फरशीवरून चालावं तसा, एकेक पाऊल जपून. बिनटाक्याची पद्धत होती, भूल फक्त तेवढ्याच भागाची, त्यामुळे दुपारपर्यंत घरी जायला सांगितलं होतं. मी त्याला रिक्षात बसल्यावर सांगितलं, की आईंना वाटतंय ऑपरेशन माझं झालं. तो हसला, आणि हसल्यावर दुखलं म्हणून थांबला.

"राहू दे," तो म्हणाला. "ती आली की सांगू."

त्या आल्या तेव्हा म्हणाला, "थोडे दिवस जाऊ देत. आत्ता सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावात कळेल. काका लोक मला जगू देणार नाहीत."

आम्ही हे ऑपरेशन का केलं ते थोडक्यात सांगते. आमची मुलगी तीन वर्षांची झाल्यावर मला पुन्हा दिवस गेले होते. पाचवा महिना लागल्यावर सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते, मग घरी आले. नवऱ्याने तेव्हा त्याच्या आईला काही सांगितलं नाही. त्या त्यांच्या धाकट्या बहिणीपाशी नागपूरला होत्या. मावशींना छातीत गाठ होती, ती पसरली होती आणि आता काही उरलेलं नव्हतं. "तिच्या डोक्यावर आधीच बरंच आहे," नवरा म्हणाला. ते खरं होतं. दिवस गेल्याचंही सांगायचं राहिलं होतं, त्यामुळे बाळ गेल्याचं सांगायला सुरुवात कुठून करायची हाही प्रश्न होता. मग मावशी गेल्या. त्यानंतर बोलायची वेळ निघून गेली होती.

माझी आई इथेच सदाशिव पेठेत राहते. शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. ती हॉस्पिटलमध्ये आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता रडून काय होणार आहे? लोह कमी असणार तुझं. खजूर खात जा." मी रडत नव्हते. ती गेल्यावर नवऱ्याने खजुराचं पाकीट आणलं, ते बरेच महिने फ्रिजच्या दारात होतं.

त्यानंतर मला कशाचंच फार काही वाटेना. कामावर जात होते, मुलीला शाळेत सोडत होते, डबे भरत होते. डॉक्टरांनी पुढे काय ठरवलंय असं विचारलं तेव्हा मी काहीतरी बोलणार, त्याआधी नवरा म्हणाला, "मी करून घेतो. तुझं आता पुरे झालं." मला नसबंदी हा शब्द फक्त सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर वाचून माहीत होता. घरात आम्ही तो कधी उच्चारला नाही. आम्ही 'ते' म्हणायचो. त्याला जिथे दुखायचं त्या जागेला आम्ही 'तिथे' म्हणायचो. माझ्याकडे दुसरा मराठी शब्द नव्हता. जे होते ते मी शाळेच्या बसमध्ये शिव्यांतून ऐकलेले होते, आणि इंग्रजी शब्द घरात उच्चारला की जीवशास्त्राचा तास चालू असल्यासारखं वाटायचं.

सासूबाई आल्या त्या स्टीलचा मोठा डबा घेऊन. डिंकाचे लाडू. खारीक, खोबरं, मेथी, वर जायफळ. डबा कापडात बांधून रात्रभर मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बॅगेत ठेवला नव्हता. आल्याआल्या त्यांनी माझ्या डोक्याला आणि कानांना सुती फडकं बांधलं.

"वारं लागू नाही द्यायचं कानाले," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं सगळ्या बायाचं ऑपरेशन झालं. ज्यांनी ऐकलं नाही त्या आता कंबर धरून बसल्या. टाके किती आहे?"

"टाके नाहीत, आई."

"नाहीत? बाप्पा. दुर्बिनीचं केलं का?"

"आता नवीन पद्धत आहे. बारीक छिद्र पाडतात फक्त."

मी त्या दिवसांत एकही खोटं वाक्य बोलले नाही. टाके नव्हतेच. छिद्र बारीकच होतं. दुखतं का विचारलं की मी 'कमी आहे आता' म्हणायचे, कारण सकाळीच नवऱ्याने तसं सांगितलेलं असायचं.

मला बेडवर बसवलं. पोटावर गरम पाण्याची पिशवी. सकाळ-संध्याकाळ एक लाडू आणि त्यावर कोमट दूध. मुलगी मांडीवर चढायला आली की त्या तिला उचलून बाजूला न्यायच्या. "आईच्या पोटाले धक्का नाही लावायचा. जा, बाबाच्या अंगावर चढ जा." आणि मुलगी बाबाच्या अंगावर चढायची.

घरातलं सगळं वजन नवऱ्याकडे गेलं. डॉक्टरांनी त्याला आठवडाभर काही उचलू नका, घट्ट आतले कपडे घाला, गाडी चालवू नका असं सांगितलं होतं. त्याने ऑफिसात पाठदुखी सांगून घरून काम घेतलं होतं. सासूबाईंना वाटलं, बायकोच्या आजारपणासाठी घरी राहिलाय तर कामाला लावू. गॅसचा सिलिंडर त्याने बदलला. कोथरूडात आमच्या सोसायटीला पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, बादल्या त्याने भरल्या. गादी उन्हात टाकायची होती, ती त्यानेच गच्चीवर नेली.

"आई, माझी पाठ," तो म्हणायचा.

"तुह्या पाठीले काय झालं? कापलं तिले, वाकडा होऊन चालते हा." मग माझ्याकडे बघून, "याचा बाप असाच होता. माह्या बाळंतपनात त्यालेच ताप."

मी बेडवर फडकं बांधून बसलेली आणि तो दारातून बादली नेताना माझ्याकडे बघायचा. एकदा तो इतका हळू गेला की बादलीतलं पाणी जराही हललं नाही. मी उठायला लागले तर त्यानेच मान हलवून बस म्हणून खुणावलं. मग मी बसले. लाडू अर्धा राहिला होता, तो खाल्ला. तो लाडू मला आवडत होता. त्या काळात मला एखादी गोष्ट आवडते आहे हे कळणंही थोडं वेगळं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

दुपारी त्या माझे पाय चेपायच्या. मी नको म्हणायचे. "बस ना चुपचाप," म्हणायच्या. आईने माझे पाय कधी चेपल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरात कोणी कोणाला हात लावत नाही, वाढदिवसाला सुद्धा. सासूबाईंचे हात खरखरीत होते आणि पावलाच्या मधोमध त्या अंगठा इतका दाबायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. ते दुखण्याचं पाणी होतं, पण आलं तर होतं. त्यांनी ते पाहिलं की नाही माहीत नाही. पाहिलं असेल तर ऑपरेशनच्या खात्यावर टाकलं असेल.

अशातच महिना गेला. माझं फडकं सुटलं, मी ऑफिसला जायला लागले, तरी त्या परत गेल्या नाहीत. लाडवांचा डबा संपल्यावर त्यांनी इथेच दुसरा घाणा केला. नवऱ्याचंही ठीक होतं. मग एका रविवारी तो मला स्कूटरवरून बुधवार पेठेत लॅपटॉपचा चार्जर बघायला घेऊन गेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला तो सीटवरून उठतोय. पायांवर उभा राहतो, गाडी पुढे जाते, मग अलगद बसतो. जाताना मी काही बोलले नाही. येताना कर्वे रस्त्यावर विचारलं.

"तिथे दुखतंय का अजून?"

"थोडंसं."

घरी आल्यावर तो बेडरूममध्ये आडवा झाला. मी दार लोटलं. आमच्या बेडरूमला लागूनच गॅलरी आहे, तिथे सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. खिडकी उघडी होती. ते मला नंतर कळलं.

"गाठ आलीये," तो म्हणाला. वर पंख्याकडे बघत. "चार-पाच दिवसांपासून आहे. वाटाण्याएवढी. हात लावला की दुखते."

"डॉक्टरांना फोन केलास?"

"नाही."

"का?"

मावशींचंही वाटाण्याएवढंच निघालं होतं. ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मी त्याच्या शेजारी बसले आणि काही वाटायची वाट पाहिली. भीती वाटायला हवी होती. मला दिसत होतं की ती कुठे असायला हवी, पण तिथे काही नव्हतं. मी म्हटलं, "उद्या जाऊ. ऑपरेशननंतर होत असेल असं काही." तो म्हणाला, "ऑपरेशनमुळेच झालं असेल तर मग ठीक." मग पुन्हा म्हणाला, "आईला कळता कामा नये."

गॅलरीत ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

सासूबाईंनी ऐकलं होतं ते एवढंच असणार: गाठ आलीये, ऑपरेशननंतर, आईला कळता कामा नये. पुन्हा सगळ्या वाक्यांत कोणाला, हे नव्हतं. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा त्यांनी माझ्या पानात भाजी वाढली आणि वाढून झाल्यावरही वाटी धरून उभ्या राहिल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग गळ्याकडे. मग नजर खाली नेऊन पटकन बाजूला वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून आले तर त्या दाराशीच होत्या.

"दाखव मले," त्या हळूच म्हणाल्या.

"काय दाखवू?"

"मी पाहिली आहे गाठ, माह्या बहिनीची. मले समजते हात लावला की. कुठं आली? काखेत का पोटात?"

मी टॉवेल घट्ट धरला. "आई, तसं काही नाही."

"तेही असंच म्हने," त्या म्हणाल्या. 'ते' म्हणजे मावशी. "तसं काही नाही म्हने. लपवली, लपवली अन् मंग दाखवली." मग माझ्या ओल्या केसांवर हात ठेवला, आणि काढलाही लगेच. "तुमी पुन्याचे लोक लय बोलता, पन बोलत नाही."

त्या दिवशी त्यांनी लाडू खाल्ला नाही. एरवी मला देताना स्वतःही अर्धा तोंडात टाकायच्या. साखर नको म्हणाल्या, चहाही कोरा बिनसाखरेचा घेतला. मुलीने विचारलं, "आजी, तुला गोड नाही आवडत?" तर म्हणाल्या, "देवाले सांगतलं आहे. तुही आई बरी झाली की मंग खातो."

मी ते स्वयंपाकघरातून ऐकलं. नवऱ्याला मेसेज केला: आईंनी गोड सोडलंय. माझ्यासाठी. आता सांग.

त्याचं उत्तर आलं: आज डॉक्टरांकडे जाऊन येऊ, मग सांगतो. प्लीज.

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याला ती गाठ काय आहे हे कळायच्या आधी आईला सामोरं जायचं नव्हतं, एवढंच होतं. आणि मलाही घाई होती असं नाही. खरं कळलं की फडकं जाईल, पाय चेपणं जाईल, डबा जाईल, हे मला माहीत होतं. दुसरीकडे त्या बिनसाखरेचा चहा पीत होत्या. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी बसून होत्या. मी त्यांतलं काही उचललं नाही.

संध्याकाळी आम्ही निघालो तर सासूबाई चपला घालून जिन्यात उभ्या. मुलीला शेजारच्यांकडे सोडूनही झालं होतं.

"तुम्ही कशाला आई, आम्ही येतोच तासाभरात," नवरा म्हणाला.

"तू चूप बस. माह्या बहिनीच्या वेळी मी दाराबाहेर राहिली. आता नाही राहत."

रिक्षात त्या मधे बसल्या. माझा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. नवरा कडेला, एका बाजूला भार देऊन. प्रत्येक खड्ड्याला तो हातावर जोर देऊन वर उठत होता आणि त्या माझा हात दाबत होत्या.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. भिंतीवर मूत्रपिंडाचं मोठं चित्र, खाली दोन रांगा खुर्च्या, बरेचसे साठीपुढचे गृहस्थ, सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. काउंटरवर एक बाई होत्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं.

"पेशंट कोण?"

नवरा फरशीकडे बघत होता. मी तोंड उघडलं, पण पहिल्यांदाच अशा वाक्याची गरज होती ज्यात कोणाचं ते असायला हवं होतं, आणि ते सांगणं माझ्या हातात नव्हतं.

"हे," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. "माही सून. ऑपरेशन झालं तिचं, मंग गाठ आली. लवकर पाहा बाई. लपवून राहिली ते."

काउंटरवरच्या बाईंनी चष्मा लावला. "कसलं ऑपरेशन?"

"मूल न होन्याचं."

"आजी, बायकांचं ते ऑपरेशन इथे होत नाही. त्याचा दवाखाना समोर. इथे पुरुषांचं होतं." मग त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आपण आलात तेव्हापासून भिंतीला टेकून उभे आहात. खुर्ची रिकामी असताना. आपणच ना पेशंट?"

"हो," नवरा म्हणाला.

"मग सांगायचं ना. फरशी नंतर बघा, ती कुठे जात नाही. आपला नंबर पुढचा."

एका गृहस्थांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर धरला. सासूबाईंचा हात माझ्या पाठीवर होता तो तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. त्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. नवऱ्याचं नाव पुकारलं गेलं. तो आत गेला, आणि दारातून मान बाहेर काढून डॉक्टर म्हणाले, "मिसेस आहेत ना? याही ना आत आपण."

डॉक्टर पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. तपासून झाल्यावर हात धुता धुता म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. ही ती गाठ नाही."

नवऱ्याने डोळे मिटले.

"ग्रॅन्युलोमा म्हणतात. आपण नळी कापून बांधली ना, तिथून कधी कधी थोडे शुक्रजंतू बाहेर झिरपतात. ते आहेत शरीराचेच. पण नळीच्या बाहेर आले की शरीर त्यांना ओळखत नाही. परके समजतं. मग त्यांच्याभोवती भिंत बांधायला घेतं. सूज येते, दुखतं. तीच ही गाठ. काहींना होते, बहुतेकांची आपोआप बसते." ते टॉवेलला हात पुसत होते. "वजन वगैरे उचललं होतं का सुरुवातीला?"

नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"सिलिंडर."

डॉक्टरांनी टॉवेल खुंटीला लावला. मग म्हणाले, "घरात दुसरं कोणी नव्हतं का?" आणि उत्तराची वाट न बघता सूज उतरायच्या गोळ्या लिहायला लागले. "घट्ट आतले कपडे, आराम, स्कूटर बंद थोडे दिवस. ताप आला किंवा गाठ वाढली तर लगेच यायचं. आणि शेवटची तपासणी होऊन मी सांगेपर्यंत बाकीची काळजी घ्यायची, ते लक्षात आहे ना दोघांच्या?"

दोघांनी माना हलवल्या. मी त्या भिंतीचा विचार करत होते. आपलंच काहीतरी, आणि त्याच्याभोवती एक भिंत. मला ते ऐकून फार आश्चर्य वाटलं नाही.

परतताना रिक्षात सासूबाई कडेला बसल्या. बाहेर बघत होत्या. नवऱ्याने एकदा, "आई, काही नाहीये, सूज आहे नुसती," असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "हाव." नळ स्टॉपचा सिग्नल सुटला, पुन्हा लागला. मग त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "सिलिंडर मी उचलाले लावला तुले."

"तुला कुठे माहीत होतं?"

"तेच म्हनतो मी."

घरी आल्यावर त्यांनी गरम पाण्याची पिशवी शोधली, ती माझ्या उशाशी होती, आणि नवऱ्याच्या हातात दिली. तो ती घेऊन आत गेला. थंड लावायचं की गरम हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंच होतं, पण त्याने ती घेतली.

मी स्वयंपाकघरात भात लावायला गेले. त्या माझ्या मागे आल्या. ओट्यावर लाडवांचा डबा होता. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं. सात-आठ लाडू उरले असतील.

"म्हंजे तुले काहीच झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. हिशेब जुळवत असल्यासारख्या बोलत होत्या. "फडकं बांधलं मी तुले. पाय दाबले. मंग तू कायले घेतलं करून? एवढे लाडू खाल्ले तू."

मी तांदूळ धुत होते. पाणी पांढरं होऊन वाहत होतं. ते स्वच्छ होईपर्यंत धुवायचं असतं, मी तेवढ्यावर लक्ष ठेवलं.

"झालं होतं," मी म्हटलं.

"काय झालं होतं?"

"मला झालं होतं. आधी. तुम्ही नागपूरला होतात तेव्हा. पाचवा लागला होता." मी नळ बंद केला. "ठोके नव्हते."

एवढं वाक्य मी कोणाशीच बोलले नव्हते. आईला नवऱ्यानेच फोनवर सांगितलं होतं. बोलल्यावर काही झालं नाही. माझा आवाज नेहमीसारखाच होता, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर सांगते तसा.

सासूबाईंनी डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"कोनी नाही सांगतलं मले."

"मावशींचं चाललं होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "चाललं होतं." मग विचारलं, "कोन होतं तुह्यापाशी?"

"हा होता. आई येऊन गेली."

"खाल्लं काय होतं तेव्हा?"

मला आठवेना. "खजूर," मी म्हटलं.

मी कुकर लावला. शिट्टी व्हायला वेळ होता. त्यांनी पदराने तोंड पुसलं, मग ओट्यावरचं पीठही त्याच पदराने पुसलं, जे त्या एरवी कधी करत नाहीत. नंतर आत गेल्या. मला नवऱ्याशी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "तिचं नाही सांगतलं, तुहं नाही सांगतलं. मी काय तार करून विचारत जाऊ?" तो म्हणाला, "तार बंद झाली आई." "बंद झाली त म्हनूनच," त्या म्हणाल्या. मग दोघांचाही आवाज खाली गेला.

जेवताना त्यांनी तीन पानं घेतली. मुलगी आधीच जेवून झोपली होती. नवऱ्याच्या पानात त्यांनी भाकरी, भाजी, वरण वाढलं. माझ्या पानात तेच वाढलं, आणि मग डबा घेऊन आल्या. मला वाटलं, आता तो त्याच्याकडे जाईल. तोच तर पेशंट होता. त्यानेही तसं वाटून ताट थोडं पुढे केलं.

त्यांनी लाडू माझ्या पानात ठेवला.

"आई, मला?" तो म्हणाला.

"तुले गोया लिहून दिल्या ना डॉक्टरनं? त्या खा." मग त्यांनी स्वतःसाठी एक लाडू काढला. मोडला. अर्धा डब्यात परत ठेवला आणि अर्धा हातात घेऊन बसल्या, पण खाल्ला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं.

"तू खाय आधी," त्या म्हणाल्या.

मी लाडू मोडून तोंडात टाकला. मेथी थोडी जास्त झाली होती या घाण्यात, शेवटी कडवट लागत होती. मी चावून गिळलं. त्या बघत होत्या. मग त्यांनीही खाल्ला.